चुन्याच्या पोटातली आग

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या राज्यात ती घडली त्याचं नावही आता कुणाला आठवत नाही. ऐकणारा लहान असो की म्हातारा, त्याने एवढंच ध्यानात ठेवावं, की त्या राज्याच्या मधून एक रुंद नदी वाहत होती.

नदीच्या पलीकडे मोठा तलाव होता आणि तलावाच्या बांधाखाली एक गाव नांदत होतं. एका वर्षी, पावसाळा तोंडावर आलेला असताना, त्या बांधाला तडा गेला. तडा बुजवायला चुना हवा होता, आणि चुन्याची भट्टी होती नदीच्या अलीकडे.

राजाने आपल्या कारभाऱ्याला, विसाजीपंतांना, बोलावून घेतलं.

"पंत, तीन दिवसांत चाळीस गोणी चुना पलीकडे पोचला पाहिजे. नाहीतर बांध फुटेल आणि अख्खं गाव वाहून जाईल."

पंत हुशार होते, कष्टाळूही होते. पण कुणाला काही विचारणं त्यांना कमीपणाचं वाटे.

भट्टी तानाई नावाची एक उतारवयाची बाई सांभाळत असे. तिची हयात चुनखडी भाजण्यात गेली होती. गोण्या भरून झाल्यावर ती म्हणाली, "पंत, हा कळीचा चुना आहे, अजून भिजवलेला नाही. याला वाटेत पाण्याचा स्पर्श होता कामा नये. मी बरोबर येते."

"ये," पंत म्हणाले. "पण कामात लुडबुड करू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी नाव सुटली. नावाडी होता गोंदाजी. चार वल्हेकरी होते, पंत आणि तानाई होती, आणि तापाने फणफणलेल्या मुलीला पलीकडच्या वैद्याकडे नेणारी एक आई होती. ती नदीत फडकं भिजवून मुलीच्या कपाळावर ठेवत होती. घटकाभराने फडकं कोमट होई, सुकत येई, की ती पुन्हा भिजवी.

नाव मधल्या धारेला लागली आणि खालून खर्रकन आवाज आला. पाण्याखालच्या खडकाला तळ घासला होता.

"काही नाही," गोंदाजी म्हणाला. पण त्याची नजर तळाकडेच होती.

थोड्या वेळाने गोण्यांच्या खालून फुसफुस ऐकू येऊ लागली. चुलीवर पातेलं उकळायला लागावं तसा तो आवाज होता. मग पांढरी वाफ वर आली. पंतांनी एका गोणीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला.

"आग लागली!" ते ओरडले. "घागरी घ्या! पाणी ओता!"

"नका ओतू!" तानाई आडवी आली. "पंत, ही आग पाण्यानेच लागली आहे. तळाला फट पडली आहे. अजून पाणी ओताल तर नाव पेटेल!"

पंतांना त्या क्षणीही हसू आलं. त्यांनी त्या आईकडे बोट केलं. "ते बघ! मुलीच्या अंगातला ताप कशाने उतरतो आहे? पाण्याने. पाणी उष्णता घेतं, हे त्या बाईलाही कळतं, आणि तू भट्टीवाली असून तुला कळत नाही?"

"ओल्या फडक्यातलं पाणी अंगाची उष्णता घेतं आणि वाफ होऊन निघून जातं, खरं आहे," तानाई घाईघाईने म्हणाली. "पण चुन्याचं उलट आहे, पंत. सहा दिवस, सहा रात्री लाकडं जाळून आम्ही चुनखडी भाजतो. ती सगळी आग तिने पिऊन पोटात ठेवलेली असते. पाणी लागलं की ती बाहेर पडते. थोडं पाणी तर सगळ्यात वाईट!"

"बाजूला हो! सुभाना, ओत!"

सुभाना हा सगळ्यात पुढचा वल्हेकरी. त्याने एकदा तानाईकडे पाहिलं, एकदा पंतांकडे. मग घागर उपडी केली.

गोणी फुगली. डोळ्यांदेखत फुगली आणि फुटली. उकळता चुना चहूकडे उडाला. सुभाना दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली कोसळला. शेजारच्या गोण्यांचं तरट काळं पडू लागलं आणि खालच्या फळीतून धूर निघाला. माणसं जीव घेऊन एका बाजूला धावली, तशी नाव कलंडली आणि काठावरून पाणी आत आलं.

"जागचे हलू नका!" गोंदाजी गरजला. मग त्याने विचारलं ते पंतांना नाही. "तानाई, बोल. काय करू?"

"भिजलेल्या गोण्या नदीत लोटा. एवढ्या वाहत्या पाण्यात त्यांची आग विरून जाईल. कोरड्या असतील त्या वर, आडव्या फळ्यांवर चढवा. आणि फट बुजवा, पण आतून नको. आतलं पाणी हात भाजून काढेल."

"राजाचा चुना नदीत?" पंतांचा आवाज चिरकला. "मी राजाला काय तोंड दाखवू?"

"पंत, चुना राजाचा असेल," गोंदाजी म्हणाला, "पण ही माणसं माझ्या भरवशावर नावेत बसली आहेत."

त्याने डोक्याचं मुंडासं सोडलं, दातात धरलं आणि नदीत उडी टाकली. उरलेले तिघे वल्ह्यांनी भिजलेल्या गोण्या काठावरून लोटू लागले. एकेक गोणी पाण्यात पडली की नदी तिथे खदखदे आणि पुढच्याच क्षणी शांत होई. पंत काही वेळ थिजल्यासारखे उभे राहिले. मग तेही वाकले आणि कोरड्या गोण्या वर चढवू लागले.

तानाई सुभानाजवळ बसली. तिने पदराने त्याच्या तोंडावरचा चुना आधी झटकला आणि त्या आईला हाक मारली. "बाई, पोरीला माझ्या मांडीवर दे आणि घागरीने पाणी घाल याच्या डोळ्यांत. थांबू नकोस. आता थोडं नाही, भरपूर पाणी हवं."

नावेखाली गोंदाजीने मुंडाशाचा बोळा फटीत कोंबला आणि खांद्याने दाबून धरला. दोनदा तो श्वास घ्यायला वर आला, दोनदा पुन्हा खाली गेला. तिसऱ्यांदा मात्र तो वर येईना. सगळे पाण्याकडे बघत राहिले. मग नावेच्या दुसऱ्या बाजूने त्याचं डोकं वर आलं.

"बसला," तो धापा टाकत म्हणाला. "मारा वल्ही."

चाळीसपैकी तेवीस गोण्या पलीकडे पोचल्या. गवंड्यांनी आहे तेवढ्यात मोठा तडा भरला. उरलेल्या भेगांवर गावाने दगडमातीचा भराव घातला. पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सगळे दोन दिवस पाट्या वाहत होते. चौथ्या दिवशी पाऊस कोसळला. बांध जागोजाग पाझरला, पण टिकला.

पंतांनी राजापुढे काही लपवलं नाही. "तानाईने सांगितलं होतं, महाराज. मी ऐकलं नाही," ते म्हणाले. राजाने त्यांचं कारभारीपण काढून घेतलं.

सुभानाचा एक डोळा वाचला. दुसरा कायमचा गेला. महिन्याभराने पंत त्याच्या झोपडीत गेले आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसले.

"सुभाना, माझ्यामुळे तुझा डोळा गेला," ते म्हणाले. "पण एक सांग. तू घागर ओतण्याआधी थांबला होतास. तुला माझं पटलं होतं का?"

सुभानाने वाचलेला डोळा पंतांकडे वळवला.

"नाही, पंत," तो म्हणाला. "तानाईचा जन्म चुन्यात गेला, हे मला ठाऊक होतं. पण आवाज तुमचा मोठा होता."

पंतांनी मान खाली घातली.

तात्पर्य: ज्या आगीची जात आपल्याला ठाऊक नाही, ती विझवायला धावण्याआधी ठाऊक असणाऱ्याचं ऐकावं, मग त्याचा आवाज कितीही लहान असो.