उद्याच्या पेटीतले विरजण

एका राज्यात चैत्र वद्य पंचमीची सकाळ उजाडली तेव्हा आभाळ निरभ्र होते, वारा पश्चिमेचा होता आणि ऊन अजून सोसण्याजोगे होते. राजा रत्नशेखर दरबारात आला, चौरंगावरच्या शिसवी पेटीसमोर बसला आणि रोजच्यासारखे त्याने तिचे झाकण उघडले. आत एक आरसा निघाला. त्यात पाहणाऱ्याला आपली पाठही दिसे. त्याच क्षणी राज्यातले सारे जुने आरसे राख झाले आणि घरोघरच्या बायकांनी केरसुण्या हाती घेतल्या. त्याही कालच निघाल्या होत्या. त्या कशा धरायच्या हे अजून कुणाला नीट कळले नव्हते.

पेटीची रीत अशी होती. संध्याकाळी तिच्यात जे ठेवावे, त्याचे अधिक चांगले रूप पहाटे निघे, आणि ते निघाले की तसले जुने सारे राख होई. राजाच्या आजोबांच्या काळात वर्षातून एकदा ती उघडत. त्या दिवशी गावजेवण असे, नवी वस्तू मिरवत नेत, आणि पुढचे वर्षभर लोक ती शिकत. मग ती महिन्याला उघडू लागली. मग रोज. आता तर कुणी काही ठेवण्याची वाटही ती पाहत नसे; पुढे काय द्यायचे ते तीच ठरवी आणि झाकणाच्या आतल्या बाजूला त्याचे चित्र उमटवी. चित्र फिके असले तर अवकाश आहे, रंग भरला की उद्या.

विणकर सकाळी एका मागावर लुगडे लावी, दुसऱ्या सकाळी तो माग राख झालेला असे आणि नव्यावर ते अर्धे लुगडे चढत नसे. म्हणून त्या राज्यात सगळे आखूड नेसत. गाडीच्या चाकांतले अंतर रोज बदले, म्हणून रस्त्यांना चाकोरी पडत नसे. मुली फेर धरून गाणे म्हणत, आणि दुसऱ्या कडव्यापर्यंत गाणे जुने होई. तक्रार मात्र कुणी करत नसे. उद्या काय निघेल, याची उत्सुकता फार मोठी होती.

राजकन्या वसुमतीलाही ती होती. म्हणूनच त्या सकाळी वडिलांच्या खांद्यावरून वाकून तिने झाकणातले चित्र पाहिले. चित्र फिके होते. पण नाक तिचे होते, हनुवटी तिची होती, आणि गालावरचा देवीचा व्रण तेवढा नव्हता.

"आबासाहेब, ही मी आहे."

"तूच आहेस, वसू," राजा म्हणाला. त्याचा चेहरा उजळला होता. "फक्त थोडी उंच. आणि हिला सर्दी होणार नाही."

"मग माझी राख कुठे ठेवाल?"

राजाने झाकणाकडे पाहिले, मग मुलीकडे पाहिले.

पेटीचा राखणदार मायावी क्षिप्रक शेजारीच उभा होता. त्याने चित्राला बोट लावून पाहिले. "रंग अमावास्येपर्यंत भरेल," तो म्हणाला.

"ही पेटी तुम्हीच केलीत ना? बंद करा."

"पेटी पहिल्या क्षिप्रकाने केली, राजकन्ये. मी सातवा. मला उघडण्याचा मंत्र येतो. बंद करण्याचा त्याला येत होता."

"त्याने दुसऱ्याला सांगितला नाही?"

"सांगणार होता. तेवढ्यात दुसरा निघाला."

वसुमतीने रडून घेतले, मग तोंड धुतले आणि कामाला लागली. षष्ठीला तिने पेटीला खजिन्याचे भक्कम कुलूप घातले. सप्तमीच्या पहाटे ते राख झाले आणि पेटीतून त्याहून भक्कम कुलूप निघाले. तसलीच कुलुपे आपणहून राजवाड्याच्या साऱ्या दारांना जाऊन बसली, आणि मुदपाकखान्यातल्या लोकांना खिडकीतून आत-बाहेर करावे लागले. सप्तमीला तिने दोन गड्यांकडून पेटी तळ्यात बुडवली. अष्टमीच्या पहाटे पेटी चौरंगावर कोरडी ठणठणीत होती, जुन्या तळ्याच्या जागी राख होती आणि वाड्यासमोर नवे तळे होते. ते चौकोनी होते आणि त्यातले सगळे मासे एका मापाचे होते. पायऱ्या कुठे आहेत ते परटिणींना सापडेना.

"अहो राजकन्ये," मुदपाकखान्याची मुख्य सरजाबाई खिडकीतून म्हणाली, "आता डोंगरावरनं ढकलू नका म्हणजे झालं. चौकोनी डोंगर चढायला माझे गुडघे नाहीत." मग ती आवाज उतरवून म्हणाली, "सीमेपलीकडे बेहड्याच्या ढोलीत एक म्हातारी धनेश पक्षीण असते. तिकडे पेटीचा हात पोचत नाही. पहिला क्षिप्रक त्याच झाडाखाली सुतारकाम करायचा, असं माझी आजी सांगायची. पुढचं काय सांगायची ते माझ्या लक्षात राहिलं नाही."

सीमा एका दिवसाच्या वाटेवर होती. वसुमती चालत गेली आणि दिवेलागणीला बेहड्याखाली पोचली. ढोलीचे तोंड चिखलाने लिंपलेले होते. मध्ये चोच जाईल एवढी फट होती.

"कोण?" फटीतून आवाज आला.

"रत्नशेखराची मुलगी वसुमती."

"कितवी?"

"पहिलीच."

"मग बस."

वसुमतीने येण्याचे कारण सांगितले. पक्षिणीने ऐकून घेतले. "पहिल्या क्षिप्रकाचे शब्द मला ठाऊक आहेत. पण मी उपाशी आहे. पिल्ले मोठी होईपर्यंत मी या भिंतीआड असते आणि माझा धनी फळे आणून फटीतून देतो. परवा तो तुझ्या राज्यावरून उडत गेला. तिथे नवा धनेश निघाला म्हणतात. त्याला ही ढोली ठाऊक नाही. तेव्हा एक दिवस उंबर आण, एक दिवस वडाची फळे, एक दिवस पिंपळाची. मग बोलू."

"तीन दिवस? माझ्याकडे वेळ नाही, आजी!" वसुमतीने दगड उचलला. "ही भिंत फोडते. तुम्ही आत्ता बाहेर या, पोटभर खा आणि आत्ता सांगा."

"फोड," पक्षीण म्हणाली. "मी आज सुटेन. पिल्लांना अजून पिसे नाहीत, ती उद्या मरतील. शब्द मी तरीही सांगेन. तुला घाई आहे हे मला दिसते."

वसुमतीने दगड खाली ठेवला.

नवमीला तिने उंबर आणले, दशमीला वडाची लाल फळे, एकादशीला पिंपळाची. एकेक फळ फटीतून द्यायचे, आतून चोच येई, फळ जाई, मग आत पिल्लांचा कालवा ऐकू येई. उंबराला मुंग्या फार असत. वडाची फळे उंच होती. तिचा पदर फाटला. पहिल्या दिवशी ती सारखी सूर्याकडे पाहत होती. तिसऱ्या दिवशी कोणते पिल्लू कोणत्या आवाजात ओरडते ते तिला कळू लागले, आणि संध्याकाळ कधी झाली ते कळले नाही.

"आता ऐक," पक्षीण म्हणाली. "पेटीवर शेवटचा हात फिरवताना तो म्हणाला होता: ज्या दिवशी हिला कालचे सांभाळावे लागेल, त्या दिवशी ही थांबेल."

"म्हणजे काय?"

"ते मी विचारले नाही. तेव्हा मला अंडी घालायची होती."

ते दिवस वसुमती जवळच्या एका गवळणीकडे उतरली होती. तिचे नाव लखाबाई. तिच्या दोन म्हशी होत्या, एक झोपडे होते आणि तोंड फार होते. ती रोज संध्याकाळी भाकरीबरोबर वाडगाभर दही वाढी, आणि वसुमती वाडगा चाटूनपुसून खाई. कारण पेटीतून निघणारे दही पांढरेशुभ्र होते, घट्ट होते, पण त्याला चव नव्हती.

द्वादशी विचार करण्यात गेली. त्रयोदशीच्या संध्याकाळी वसुमतीने मडक्यातले शेवटचे दही घ्यायला हात पुढे केला, तशी लखाबाईने तिच्या मनगटावर चापट मारली.

"अगं ए, राजाची लेक! तेवढं राहू दे. उद्याचं कशानं लावू मग?"

"कशाने लावायचे म्हणजे? दही दुधाचेच होते ना?"

"दुधाचंच होतं. पण ह्ये चमचाभर कालचं घातल्याबिगर त्ये रातभर दूधच ऱ्हातंय. विरजण म्हनत्यात ह्याला. तुमच्या वाड्यात न्हाई व्हय?"

"आमच्याकडे रोज सकाळी नवे दही निघते आणि कालचे राख होते. सरजाबाईने ते नवे दुधात घालून पाहिले होते. दूध जसेच्या तसे राहिले."

"राहनारच. त्याला आईच न्हाई." लखाबाईने मडके फडक्याने झाकले. "माझं ह्ये सासूकडनं आलंय, तिला तिच्या सासूकडनं. म्हशी बदलल्या, मडकी फुटली, ह्ये हाय तसंच हाय. आन् रोज नवंबी हाय."

वसुमती उठून उभी राहिली. तिने त्या झाकलेल्या मडक्याकडे पाहिले आणि पक्षिणीचे शब्द पुटपुटले: कालचे सांभाळावे लागेल. मग तिने चमचाभर विरजण मागितले.

"घे. पन मी म्हनते, इथंच ऱ्हा की. हिथं तुला कोन राख करनार हाय?"

"मग माझ्यानंतर झाकणात सरजाबाईचा चेहरा येईल. आणि आबासाहेब कुणाला तरी वसू म्हणून हाक मारतील, ती ओ देईल."

चतुर्दशीला पेटीतले रोजचे दही निघून झाल्यावर, म्हणजे सूर्य हातभर वर आल्यावर, तिने सीमा ओलांडली. आता दुसऱ्या पहाटेपर्यंत ते विरजण राख होणार नव्हते. केळीच्या पानात बांधलेली वाटी तिने पदराच्या सावलीत धरली आणि ऊन लागू न देता ती चालत राहिली. संध्याकाळी ती दरबारात आली तेव्हा झाकणातल्या चित्रात रंग भरला होता. चित्रातली मुलगी हसत होती.

"पेटी एका वेळी किती कामे करते?" तिने क्षिप्रकाला विचारले.

"एकच. आधी ठेवलेले, मग तिच्या मनातले. पण कोणतेही काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते. काहीही ठेवा, पहाटे चित्रातली ती निघणारच." त्याने घसा खाकरला. "तिच्यानंतर आठव्या क्षिप्रकाची पाळी आहे, असे मला वाटते. माझ्या मिशा मला झाकणात दिसल्या."

सरजाबाईने वाटीत कोमट दूध आणले. वसुमतीने त्यात विरजण कालवले आणि वडिलांसमोर धरले. पेटीत काही ठेवण्याचा अधिकार राजाचाच होता.

"हे काय?" राजाने विचारले.

"दही होणार आहे, आबासाहेब."

"दही रोज निघते की."

"ते खाऊन तुम्ही रोज काय म्हणता?"

"म्हणतो, काहीतरी राहिले." मग त्याने वाटीवर वाकून वास घेतला. "थोडे आंबट असायचे. तुझी आई त्यात साखर घाली, आणि मी नको म्हणत असे." त्याने झाकणातल्या चित्राकडे पाहिले. "वसू, ती उंच असेल. तिला कसलाच आजार नसेल."

"खरे आहे."

"आणि तिला तुझी आई आठवेल का?"

"तिने तिला पाहिलेलेच नाही, आबासाहेब."

राजाने स्वतःच्या हाताने वाटी आत ठेवली आणि झाकण लावले.

पेटीने दूध घेतले. रीतीप्रमाणे तिने त्यातले कालचे विरजण राख केले. दूध दूधच राहिले. दुधाहून चांगले काही झाले नाही, म्हणून काम संपले नाही. तिने राखेचे पुन्हा विरजण केले आणि पुन्हा ते राख केले. पेटी आतून खडखडत होती. असे किती वेळा झाले ते कुणाला ठाऊक नाही. मग तिने ते कालचे तसेच राहू दिले, खडखड थांबली आणि आत ऊब धरल्यासारखी शिसवी लाकडे कोमट झाली.

अमावास्येची पहाट झाली. वसुमती उंबरठ्यावर उभी होती. उजेडाची पहिली रेघ जमिनीवर पडली तशी तिच्या डाव्या करंगळीचे टोक करडे झाले. एक पेर राख होऊन खाली पडले. सरजाबाईने डोळ्यांना पदर लावला. सूर्य वर आला. दुसरे पेर तसेच राहिले. राजाने ओढले, तरी झाकण उघडले नाही. कोंबडे आरवून थकले, तळ्यावर परटिणी आल्या, त्यांनी पायऱ्या शोधल्या, ऊन चौरंगापर्यंत आले, तेव्हा कुठे पेटी आपणहून उघडली.

आत दही होते. झाकणाच्या आत कोरे लाकूड होते.

"वसू," राजाने हाक मारली.

"ओ, आबासाहेब."

सरजाबाईने दह्यातले चमचाभर आधी बाजूला काढले, फडक्याने झाकले, आणि मग राजाला वाढले. राजाने साखर मागितली. सातव्या क्षिप्रकाने आपल्या मिशा चाचपल्या आणि आदल्या दिवशीचा आरसा कुठे आहे ते विचारले. आरसा जागच्या जागी होता.

जे आधी राख झाले होते ते परत आले नाही: जुने तळे नाही, गाण्यांची दुसरी कडवी नाही, पक्षिणीचा धनी नाही, आणि वसुमतीच्या करंगळीचे पेरही नाही. तेलावाचून जळणारे दिवे चांगले होते, ते लोकांनी ठेवले. चौकोनी तळ्याला पायऱ्या बांधल्या. पेटी आता जुने राख करत नव्हती, म्हणून राजाने असा नियम केला की पेटी पूर्वीसारखी वर्षातून एकदा उघडावी, आणि निघेल ती वस्तू वर्षभर जुनीच्या शेजारी ठेवून पाहावी.

वैशाख शुद्ध प्रतिपदेला आभाळ स्वच्छ होते आणि वारा पडलेला होता. पेटी रिकामी होती. मुदपाकखान्यात रात्री लावलेले दही लागले होते.