शंकेला वाढलेलं शेपूट

खूप खूप वर्षांपूर्वी, वाळवंटाला अजून नावही पडलं नव्हतं तेव्हा, एका शमीच्या झाडाखाली एक पिटुकली पाल राहायची. आता बघा, माणसाच्या मनात शंकेची पाल चुकचुकते, ते ठीक आहे. पण हिच्या, खुद्द पालीच्याच मनात एक पाल सारखी चुकचुकायची.

तिला निवांत असं माहीतच नव्हतं. डोळे मिटायला पापण्या लागतात, त्या पालीला नसतातच. डोळ्यात वाळू गेली की ही जिभेनंच डोळा पुसायची आणि परत इकडे बघ, तिकडे बघ.

शेजारच्या बिळात तिची मावशी राहायची. मावशीचं शेपूट मुळ्यासारखं जाडजूड. या पाली चरबी शेपटात साठवतात आणि किडे मिळेनासे झाले की त्यावरच जगतात. शत्रूनं गाठलंच, तर तेच शेपूट तोडून टाकायचं. ते वळवळत राहतं, शत्रू त्याच्यामागे लागतो, आपण पसार.

एका संध्याकाळी झाडावरून वाळकी शेंग पडली. टप्प. हिनं शेपूट टाकलं आणि धूम ठोकली.

"अगं, शेंग होती ती," मावशी म्हणाली.

"आणि साप असता म्हणजे?"

"असता तर त्याला द्यायचं होतंस. शेंगेला कशाला वाढलंस?"

दोन महिन्यांनी नवं शेपूट फुटलं, बारीकसं. वाऱ्यानं एक काटकी सरकली. तेही गेलं.

"काटकीचंही पोट भरलं का?" मावशीनं विचारलं.

आणि मग खरंच फुरसं आलं. तो विषारी साप, खवले घासत, खर्र खर्र करत. ही बिळाबाहेर, मागे नुसतं थोटूक. टाकणार काय? पाय वाळूत रुतल्यासारखे झाले.

तेवढ्यात दोघांच्या मधे काहीतरी वळवळलं. मावशीचं शेपूट. जन्मात पहिल्यांदाच तिनं ते टाकलं होतं. फुरशानं ते गिळलं आणि सरपटत निघून गेलं.

पुढे उन्हाळा असा तापला की किडे गायब. मावशीकडे साठाच नव्हता. ही लांबलांब जायची, मिळालेला एकुलता किडा मावशीपुढे ठेवायची.

"अर्धा तू खा गं," मावशी म्हणायची.

पण अर्ध्या किड्यावर उन्हाळा निघत नाही. मावशीचा नाही निघाला.

ती गेली त्या संध्याकाळी हिच्या अगदी पाठीशी शेंग पडली. टप्प. हिनं मान वळवली, शेंग नीट बघितली आणि तिथेच बसून राहिली.

म्हणून म्हणतात, शंकेला शेपूट देऊन टाकलं, की संकटाला द्यायला काही उरत नाही.