दहा जीबीचं ग्राफिक्स कार्ड

सोलापुरातल्या एका विणकर सोसायटीत यल्लूबाई संगणकावर चादरींची डिझाइनं काढत. नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यापासून मोठं डिझाइन उघडलं की संगणक गोठायचा. कार्ड विकणारे कानिटकर इंजिनिअर चेअरमनसमोर पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, "बघा, ग्राफिक्सची मेमरी दहा जीबी! तुम्ही आठच मागितली होती. दोष या आजीबाईंचा. यांच्या जागी दुसरं माणूस बसवा."

यल्लूबाईंनी संगणक बंद केला, त्याचा खोका उघडला आणि रॅमच्या दोन सारख्या पट्ट्यांतली एक काढून टेबलावर ठेवली. पुन्हा चालू केला, तर पडद्यावर सहा जीबी!

"अहो बाई, कार्ड मोडलंत!" कानिटकर ओरडले.

"कार्डाला मी शिवलेसुद्धा नाही. ही पट्टी संगणकाच्या मेमरीची. ती काढल्यावर तुमच्या कार्डाची मेमरी कशी हो घटली? म्हणजे उसनी होती. मुलगी दाखवताना शेजारणीच्या पाटल्या घालतात, साहेब, पण त्या घरच्या म्हणून सांगत नाहीत."

चेअरमननी विचारलं, "मग कार्डाची स्वतःची किती?"

"एका पट्टीमागे चार उसनी, दोन पट्ट्यांची आठ; दहातून आठ गेली, उरली दोन. पडद्यावर कार्डाची वेगळी लिहिलेली असते, पण ती यांनाच वाचू द्या, शिकलेले आहेत."

संध्याकाळी आठ जीबीचं कार्ड आलं. ते बसवताना यल्लूबाईंनी कानिटकरांना खोक्याला हात लावू दिला नाही.