सुरात पाठवलेली तंबोरी

"पेटीला साधा ओरखडा तरी दिसतोय का, बी? मग आतली तंबोरी तडकलीच कशी?"

शर्मिष्ठा माने मिरजेत खैरूनबींच्या हाताखाली सहा वर्षं तंतुवाद्यं घडवायला शिकत होती. ही तिनं एकटीनं केलेली पहिली तंबोरी. मांडीवर मावेल एवढीच, चार तारांची. पण भोपळा निवडण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत दुसऱ्या कुणाला तिनं बोट लावू दिलं नव्हतं.

नागपूरच्या एका गायनशाळेनं ती मागवली होती. आज ती परत आली. भोपळ्यावरची लाकडी तबली मधोमध चिरलेली, आणि सोबत पत्र.

शाळेच्या मुख्यांनी लिहिलं होतं, की बाईमाणसाच्या हाताला तेवढा कस नसतो, हे आम्ही धरूनच चाललो होतो.

त्या एका ओळीनं शर्मिष्ठाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

तिनं बींसमोर कोरा कागद ठेवला. काम चोख होतं, मोडतोड वाहतूकवाल्यांनी केली, एवढं बींनी लिहून द्यायचं. या धंद्यात बींचा शब्द कुणी खाली पडू देत नसे. तो मिळाला तर तिचं नाव वाचणार होतं. नाहीतर मान्यांची पोर म्हणजे फुटकी तंबोरी, हे नागपूरपासून धारवाडपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार?

बी सत्तरीच्या. वडिलांनी मुलांना शिकवलं, यांना नाही. यांनी दाराआडून बघून हुन्नर उचललेला. पत्रातलं वाक्य जन्मभर ऐकलेल्या बाईनं तरी आता पेटून उठावं, असं शर्मिष्ठाला वाटत होतं.

बी पेटीतलं सामान उपसत बसल्या. कापूस निघाला, भुसा निघाला, जुन्या वाकळीचे तुकडे निघाले.

"तंबोरी पाठवलीस का बाळंतीण?"

शर्मिष्ठाला हसू आलं नाही. तिनं ठणकावून सांगितलं, की ही पेटी माळ्यावरून खाली टाकली असती तरी आत काही हललं नसतं.

बींचा हात खुंट्यांवर थांबला.

"तारा उतरवल्या नव्हत्यास?"

ती बींच्या कारखान्याची रीतच होती. वाद्य बाहेरगावी जाणार, तर आधी खुंट्या उलट्या फिरवून सगळ्या तारा सैल सोडायच्या, नाहीतर वाटेतल्या हादऱ्यांत ताणलेल्या तारांच्या दाबानं तबली चिरते. शर्मिष्ठानं स्वतः कितीदा तरी हे केलं होतं. दुसऱ्यांच्या वाद्यांना.

पण या वेळी मुद्दामच नाही केलं, असं ती मान वर करून म्हणाली. चार दिवस तारांखालची घोडी घासून घासून तिनं आवाज मोकळा केला होता. ती मेहनत खुंटीच्या एका वेढ्यात मातीत घालायची?

"झाकण उघडल्या उघडल्या सूर बोलायला हवा होता, बी. कुणाचा हात आहे ते त्यांना तिथंच कळायला हवं होतं."

बींनी कोरा कागद तिच्याकडे परत सरकवला.

"तुम्हीसुद्धा त्यांच्याच बाजूच्या का?"

"त्या माणसाच्या तोंडाला काळं फासायला मी चालत नागपूर गाठीन," बी म्हणाल्या. "पण खोटं लिहून नाही."

मग त्यांनी भिंतीतल्या खिळ्याला एक तार बांधली. दुसरं टोक लाकडाच्या दांडीला गुंडाळून दांडी शर्मिष्ठाच्या हातात दिली.

"ओढ. सुरात धर."

शर्मिष्ठानं ओढली. बींनी नखानं छेडली, आणखी ओढ म्हणाल्या, पुन्हा छेडली. तार स्वच्छ बोलली. बी आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं.

इथं आपलं नाव जळतंय आणि म्हातारीला खेळ सुचतोय… शर्मिष्ठा दात आवळून उभी राहिली. पहिल्यांदा मनगट दुखलं. मग कोपर थरथरायला लागलं. बोटं पांढरी पडली.

"बी, पुरे का?"

ती दाराकडे वळून ओरडली.

"बी, ऐकताय ना?"

आत भांडं वाजलं, तेवढंच.

तिनं तार बोटभर सैल सोडली. मग आणखी बोटभर. मग दांडी खाली ठेवली आणि हात चोळत बसली.

बऱ्याच वेळानं बी बाहेर आल्या. लोंबणारी तार त्यांनी नखानं उचलली. तार नुसती हलली.

"सोडलीस?"

"मग काय करू? दार बंद, आत तुमची भांडी." शर्मिष्ठा फणकारली. "ऐकायला कुणी नव्हतं. उगाच कशाला ताणून धरायची?"

बी खाली बसल्या. चिरलेली तंबोरी त्यांनी मांडीवर घेतली आणि तापल्या पोराच्या कपाळावरून फिरवावा तसा तिच्यावरून हात फिरवला.

"पण पत्र…" शर्मिष्ठा म्हणाली. आवाज मघासारखा चढला नाही.

"पत्राचं बघू. आधी हिला उत्तर दे," बी म्हणाल्या. "बंद पेटीत आठ दिवस हिनं कुणासाठी सुरात राहायचं होतं?"