पालथी काथवट

उंबरकड्याच्या माथ्यावर कडजाईचे देऊळ आहे आणि देवळासमोर एक दगडी काथवट, परातीसारखे मोठे पसरट भांडे, पालथी पडलेली आहे. एक माणूस तिच्यावर ऐसपैस बसू शकेल एवढी ती मोठी आहे. पण तिच्यावर कोणी बसत नाही आणि तिला कोणी सरळ करत नाही. भोवतालची फरशी पिवळसर दिसते. तो हळदीचा डाग आहे, असे सांगतात. दगडाचा मूळ रंगच तसा असेल, हेही शक्य आहे.

या देवळात शपथ घेता येत नाही. बाकी मुलखात बेलभंडारा उचलल्याशिवाय कशाचा निकाल लागत नाही. बेलाचे पान आणि देवाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द मोडला तर घराण्याचे वाटोळे होते, अशी धास्ती आहे. निवडणूक आली की उमेदवारांची माणसे ही धास्ती जीपगाडीत घालून वाडीवाडीत फिरवतात. मते बांधून घेण्याचा त्यांचा तो खात्रीचा उपाय आहे. ती कडजाईकडेही येतात आणि म्हातारे गेनूअण्णा गुरव त्यांना पायरीवरूनच परत धाडतात.

"आमची देवी कुणाची शपथ घेत न्हाई," ते म्हणतात. "नारळ फोडा, पाया पडा, खाली जाऊन च्या प्या."

ट्रस्टने लावलेल्या फलकावर या चालीचे कारण एका ओळीत दिले आहे: फितुरांवर कोपून देवीने स्वतःच काथवट पालथी केली. अण्णा त्या फलकाकडे पाठ करून बसतात आणि आल्यागेल्याला निराळी हकीकत सांगतात.

पूर्वी या कड्यावर नागोजी नाईकाची दौलत होती. दौलत म्हणजे गड आणि खालच्या चार वाड्या. गडावर कोळी होते, रामोशी होते, धनगर होते, तोफेवर मुसलमान गोलंदाज होते. देव प्रत्येकाचा वेगळा, पण रीत एक होती. वेढा पडला तेव्हा सगळ्यांचे धान्य देवळाच्या अंगणात एका राशीत ओतले. राशीवर पहारा नव्हता. ज्याने त्याने आपल्या घरापुरते न्यावे, म्हातारे आणि लेकुरवाळ्या यांना आधी नेऊ द्यावे, एवढेच ठरले होते. तेही कोणी मोठ्याने ठरवले नव्हते म्हणे. कोणी आपल्या देवाला भ्यायचा, कोणी शेजारणीच्या नजरेला. रास पुरत होती.

मग गडावरची बातमी खाली फुटू लागली. रसद आणायला उतरलेली टोळी कापली गेली, दुसरीही गेली. नाईकाला झोप येईना. ज्याच्याशी बोले त्याच्या हातांकडे पाहत राही. त्याचा मेहुणा बजाजी याने तोड काढली: गडावरच्या प्रत्येकाने कडजाईचा बेलभंडारा उचलावा, न उचलेल तो फितूर. काथवटीत हळद भरली गेली. पहिला हात बजाजीनेच घातला आणि कड्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या आवाजात शपथ घेतली, असे सांगतात. मोठ्याने घेतलेल्या शपथेवर माझा एरवीही विश्वास बसत नाही.

सगळ्यांनी हात घातला. गोलंदाजांनीही घातला, कारण नाईकाची नजर त्यांच्यावर सर्वांत आधी गेली होती. राहिला एक माणूस. कड्याच्या अंगाला वाकून जाण्याएवढी लहान चोरदिंडी होती, तिचा पहारेकरी लखमोजी. तो महानुभाव पंथाचा. आपल्या देवाखेरीज दुसऱ्या दैवतापुढे हात न जोडणारा.

तो म्हणाला, "नाईक, जिला मी मानत नाही तिची शपथ मला कशी बांधील? मी भंडारा उचलला तर ती तुमची फसवणूक होईल. तुम्हाला फसवायचं असतं तर मी सर्वांत आधी उचलला असता."

हे शेवटचे वाक्य बजाजीकडे पाहून म्हटले होते का, हे कोणी सांगत नाही. नाईकाला मात्र एवढेच ऐकू आले, की हा उचलत नाही. लखमोजीच्या हातातला भाला काढून घेतला आणि त्याच्याच दिंडीतून त्याला बाहेर लोटले. त्याची बायको देमाई आत राहिली. तिच्याशी बोलणे लोकांनी सोडले.

आणि गंमत अशी, की शपथ झाली त्याच आठवड्यात राशीतून धान्य चोरीला जाऊ लागले. शपथ फितुरी न करण्याची होती, धान्याबद्दल तिच्यात काही नव्हते. आधी माणूस स्वतःवर नजर ठेवत होता. आता ते काम देवीकडे सोपवून तो शेजाऱ्यावर नजर ठेवू लागला. नाईकाने राशीवर पहारा बसवला, मग पहारेकऱ्यांवर पहारा बसवला. राज्य धर्मावर टिकते, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांना ही रास दाखवली पाहिजे. धर्म होता तोवर तिला राखणदार लागला नव्हता.

लखमोजी शत्रूकडे गेला नाही. दिंडीखालच्या कपारीत तो बसून राहिला. देमाई आपल्या वाट्यातली भाकर फडक्यात बांधून तटावरून खाली सोडायची. ती खुणा करते, असे लोक म्हणू लागले. तिने एकदा त्याला वरून विचारले, इथे बसून काय करतोस, जीव वाचव आणि जा. तो म्हणाला म्हणे, "आत यायची बंदी आहे. पहारा सोडायचा हुकूम कुठं आहे?"

अष्टमीला भरदुपारी सगळा गड देवीच्या नैवेद्याला जमला होता. आरती चालू असताना चोरदिंडी आतून उघडली. ज्यांनी उघडली त्या सर्वांच्या तळहातांना भंडारा लागलेला होता. ठरल्याप्रमाणे शत्रूची माणसे कड्याच्या वाटेने एकामागे एक चढत होती. लखमोजीने त्यांना पाहिले, उघडी दिंडीही पाहिली. हातात काही नव्हते. तो दिंडीत शिरला, दोन्ही हात चौकटीला रोवून आडवा उभा राहिला आणि ओरडू लागला. बाहेरून भाले आले, आतून तलवार आली. एवढ्याशा दारातून त्याला ओलांडून कोणाला जाता येईना. तो पडला तोवर आरतीची माणसे ताटे टाकून धावत आली होती. दिंडी मिटली, दगड लोटले गेले.

आतून तलवार चालवणारा कोण, यावर अण्णांचे उत्तर बजाजी असे आहे. बजाजीचा वंश आता गावात नाही. ज्याचे कोणी उरले नाही त्याच्यावर ठपका ठेवणे सोपे असते, असे मी म्हणालो. अण्णा हसले. "उरल्याल्यांची नावं घिऊन मला गावात ऱ्हायाचं हाय," ते म्हणाले.

नाईक देवळापुढे आला. त्याने काथवटीत हात घातला. फितुरांचा सूड घेईन, लखमोजीच्या घराला वतन देईन, अशी शपथ घ्यायला. देमाई नवऱ्याच्या रक्ताने भरलेल्या लुगड्यानिशी आली आणि तिने नाईकाचे मनगट धरले.

"ठेवा तो भंडारा खाली," ती म्हणाली. "ज्यांनी उचलला त्यांनी दार उघडलं. ज्यानं नाही उचलला तो दारात पडलाय. तुमची देवी माझी नव्हे, पण तिला आणखी खोट्यात पाडू नका."

तिने काथवटीला खांदा लावला. एकटीला ती पेलणारी नव्हती. आधी एक म्हातारा कोळी पुढे झाला, मग गोलंदाजाची बायको, मग गुरव. सगळ्यांनी मिळून काथवट पालथी घातली, हळद फरशीवर सांडली. देवी कोपेल म्हणून लोक थांबून राहिले. काही झाले नाही. संध्याकाळी राशीवरचा पहारा देमाईने उठवायला लावला, आणि त्यानंतर वेढा उठेपर्यंत रास पुरली, असे सांगतात.

ट्रस्टच्या फलकावर लखमोजी नाही आणि देमाईही नाही. देवीचे देऊळ, तिला न मानणाऱ्यांची नावे कशाला, असे एक विश्वस्त मला म्हणाले. मागच्या निवडणुकीआधी याच मंडळींनी पालथ्या काथवटीशेजारी पितळेची नवी परात आणून ठेवली, हळदीने भरून. दुसऱ्या दिवशी एका उमेदवाराची माणसे शपथा घ्यायला यायची होती. सकाळी परात पालथी होती. विश्वस्तांनी विचारले तेव्हा अण्णांनी फलकाकडे बोट दाखवले. देवी कोपली असेल, तुमीच तर लिवलंय.

आजही अष्टमीला देवळाच्या अंगणात वाड्यावाड्यांचे धान्य एका राशीत पडते आणि त्यावर पहारा नसतो. आजही काथवट पालथीच आहे, आणि आता परातही. हे सांगताना अण्णांच्या नखांत हळद होती. गुरवाच्या नखांत ती असायचीच.