ठमाईची भोकाची बोळकी

फार वर्षांपूर्वी, इतक्या की मोजायला बसलं तर बोटं संपतील आणि गोष्ट राहून जाईल, सीना नदीच्या काठी एका गावात ठमाई कुंभारीण राहत होती. नवरा लवकर गेला, लेकरू झालं नाही. घरात ती, तिचं चाक आणि एक गाढव. गाढवाचं नाव शहाणा. नवऱ्यामागं चाक तिनं स्वतः फिरवायला घेतलं तेव्हा लोकांनी चार दिवस नाकं मुरडली आणि पाचव्या दिवशी तिचीच मडकी नेली.

तिच्या मडक्यातलं पाणी गार असायचं, पण त्यात काय मोठंसं? गाव तिला ओळखायचं ते वेगळ्याच कामासाठी. ठमाई पोरांच्या वाईट खोडी काढायची. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही असं सगळा मुलूख म्हणतो. हे एक गाव तेवढं तसं म्हणत नाही.

पोर हाताबाहेर गेलं की आई त्याचं बखोट धरून ठमाईकडं आणायची. ठमाई मुठीत मावेल एवढं ओलं बोळकं त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "हं, कर तुझी खोड. यात कर. लाजू नगं." रडक्यानं त्यात रडायचं, थापाड्यानं थाप मारायची. मग ती बोळक्याच्या तोंडावर मातीची चकती लिंपायची, बाभळीच्या काट्यानं चकतीला एक बारीक भोक पाडायची आणि ते बोळकं आव्यात, म्हणजे मडकी भाजायच्या भट्टीत ठेवायची. बोळकं भाजून निघालं की खोड आत कोंडलेली आणि पोर मोकळं, असं म्हणतात.

ग्यानू नावाचा एक पोरगा दिसेल त्याला चावायचा. आईला चावला, बैलाला चावला, जावळ काढायला आलेल्या न्हाव्याला तर असा चावला की तो अर्धं डोकं तसंच सोडून पळाला. ठमाईनं त्याला ओल्या मातीचा चावा घ्यायला लावला आणि दातांच्या खुणांसकट बोळकं भाजलं. त्यानंतर ग्यानू फक्त उसाला चावला. आणि वर्षातून एकदा मामाला. तेवढं भोकातून आलं असणार.

कारण ते भोक ठमाई मुद्दाम ठेवायची. आयाबाया कुरकुरायच्या, "सगळीच काढ की गं, भोक कशापायी?"

ठमाई सांगायची, "बंद भांडं आव्यात ठिवलं की फुटतंय, ह्ये कुंभाराच्या शेंबड्या पोरालाबी कळतं. लेकराचंबी तसंच हाय. जराशी खोड ऱ्हाऊ द्या. अंगाला लागती."

आता या गावच्या पोरांची सगळ्यात मोठी खोड म्हणजे ओरडणं. एकाची नव्हे, सगळ्यांची. काय ते गळे! हसली तरी ओरडून, भांडली तरी ओरडून, गप्प बसतो म्हणून सांगायचं तरी ओरडूनच. ठमाईच्या अंगणात माती मागायला ती येत तेव्हा शहाणा कान पाडून उभा राहायचा. ठमाई मात्र चाक फिरवता फिरवता हसायची. तिच्या घरात दुसरा आवाज होता कुठं?

मग एके दिवशी दानाजी पाटलांच्या काशीला बघायला पाहुणे आले. होणारा सासरा घोडीवर बसून ऐटीत वेशीतून आत आला. पोरांनी घोडी बघितली आणि आनंदानं अशी आरोळी ठोकली की घोडी उधळली, आणि सासरेबुवा फेट्यासकट म्हशींच्या डबक्यात जाऊन बसले. "या गावात पोरं वाढवता का कोल्ही?" असं म्हणत पाहुणे आल्या पावली परत गेले. काशी माजघरात पदर तोंडात कोंबून हसली म्हणतात, पण तिला विचारलं कुणी?

पाटलांची मान खाली गेली. त्यांनी सगळ्या पोरांना ठमाईच्या दारात उभं केलं. "ठमे, ह्यांचं वरडनं काढ. समदं काढ. आन् भोक ठिवू नगंस."

"पाटील, भोकाबिगर भाजता येत न्हाई."

"मग भाजू नगं! वली वाळव आन् ठिवून दे!"

मागं उभे असलेले आईबापही माना डोलवत होते. सगळं गाव एका बाजूला आणि ठमाई एका बाजूला. तिनं खूप सांगून पाहिलं, शेवटी हात टेकले. एकेक पोर आलं, बोळक्यात ओरडलं आणि चकती बसली. शेवटची चकती लिंपली तेव्हा अंगणात शहाण्याच्या शेपटीचा आवाज ऐकू आला.

काय सांगावं! गाव सुखानं झोपलं. पोरं गुणी झाली. विटीदांडू खेळताना बाद झालेला पोरगा मान हलवून मुकाट घरी जायचा. पाय ठेचला तरी तोंड उघडायचं, पण आवाज निघायचा नाही. काही दिवसांनी कुत्रीसुद्धा या पोरांकडं बिचकून बघायला लागली. ग्यानूच्या आईला ते बघवेना. तिनं त्याचं बोळकं गुपचूप फोडलं. नुसतं फुस्स झालं आणि ग्यानूला एक उचकी लागली. कच्च्या मातीनं आवाज पिऊन टाकला होता.

आणि ठमाई? तिचं चाक फिरता फिरता थांबायचं. पोरं यायची, मातीचा गोळा घ्यायची, गोड हसून निघून जायची. एकदा तर तिनं चांगलं भाजलेलं मडकं हातानं खाली टाकलं, नुसता आवाज व्हावा म्हणून. असं म्हणतात.

मग ज्वारी निसवली, कणसात दाणा भरला आणि आभाळातून भोरड्या आल्या. भोरडी एकटी कधी येत नाही, काळ्या ढगासारखा थवाच उतरतो, आणि उठतो तेव्हा कणसाचा नुसता दाण्याविना बुरकुंडा उरलेला असतो. या गावात पाखरं राखायचं काम पोरांचं. पोरं नेहमीसारखी शेतातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर चढली, गोफणी फिरवल्या, तोंडं उघडली, पण आरोळी निघेना. मग मोठी माणसं चढली. पण मोठ्यांचे गळे रागे भरायला घडलेले, आणि रागाला कोणतं पाखरू भितं? दानाजी पाटील स्वतः घसा फुटेस्तोवर ओरडले, तर एक भोरडी येऊन त्यांच्या पागोट्यावर बसली आणि पंख साफ करायला लागली. असंच चाललं तर वर्षाची भाकरी जाणार हे सगळ्यांना कळून चुकलं.

पाटील पागोटं हातात घेऊन ठमाईच्या दारात आले. "चुकलो, ठमे. काढ तोड."

"एकच वाट हाय," ठमाई म्हणाली. "ती बोळकी भाजायची. भोक न्हाई, आव्यात फुटतील. भाजून फुटली की आवाज भाईर येईल. पर आवा सोडून जाता येत न्हाई, आच बघाया मानूस लागतंय. जो जवळ बसंल त्येचे कान जातील."

पाटलांनी पागोटं तिच्या उंबऱ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "मी बसतो. माझीच करनी हाय." खोटं कशाला सांगू, माणूस तोंडाळ होता पण मनाचा वाईट नव्हता.

ठमाई हसली. "तुमास्नी चूल पेटवाया येत न्हाई, पाटील, आवा काय सांबाळताल? मी बसते. गावच्या समद्या लेकरांचा आवाज येका टायमाला ऐकाया कुनाला मिळतंय?"

शिवारात, ज्वारीच्या मधोमध तिनं जागा साफ करून आवा रचला. गोवऱ्या, पाचट आणि मध्ये ती मुकी बोळकी, ग्यानूच्या फुटक्या बोळक्याच्या तुकड्यांसकट. सगळं गाव पोरांना घेऊन सीनेच्या पलीकडं जाऊन उभं राहिलं. कुणी तिला कानात घालायला कापूस दिला होता. तिनं त्याची वात वळून देवापुढं लावली. मग आवा पेटवला आणि शेजारी बसून हळूहळू आच वाढवत गेली.

पहिलं बोळकं फुटलं आणि "आयेऽऽ" अशी हाक शिवारभर गेली. दुसरं फुटलं, "धराऽऽ!" मग एकदमच सगळी फुटली. हसणं, भांडणं, चिडवणं, घोडी बघितल्याचा आनंद, सगळं एका दमात बाहेर पडलं. नदीचं पाणी थरथरलं. भोरड्या अशा उठल्या की भर दुपारी अंधारलं, आणि त्या ज्या गेल्या त्या आजही या शिवाराला वळसा घालूनच जातात, असं म्हणतात.

नदीपलीकडं पोरांच्या गळ्यात काहीतरी येऊन बसलं. त्यांनी तोंडं उघडली आणि सगळ्यांच्या तोंडून एकच हाक निघाली, "ठमाईऽऽ!"

ठमाई त्यांच्याकडं पाठ करून काठीनं निखारे सारखे करत होती. तिनं वळून पाहिलं नाही.

पोरं पाण्यातून धावत आली, तिच्या लुगड्याला झोंबली. तेव्हा ती वळली. उघडी तोंडं, फुगलेल्या गळ्याच्या शिरा, लाल झालेले चेहरे तिनं बघितले, आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आयाबाया मात्र रडल्या. काशी सगळ्यांत जास्त रडली, कारण हे सगळं तिला बघायला आलेल्या पाहुण्यांपासून सुरू झालं होतं.

ठमाईला पुन्हा कधी ऐकू आलं नाही. पण पोरं आली की ती त्यांच्या तोंडाला भोकाचं बोळकं लावायची आणि दोन्ही हातांनी ते धरून बसायची. ओरडण्यानं बोळकं थरथरलं की बोटांनाच ओळखायचं, हा ग्यानू, ही काशीची धाकटी बहीण. कधी चुकली नाही म्हणतात.

शिवारात तिचा तो आवा जिथं होता तिथं आता कडुनिंब आहे आणि बुंध्याशी खापऱ्यांचा ढीग. दर वर्षी ज्वारी निसवली की पाखरं राखायला जाण्याआधी गावातली सगळी लेकरं तिथं जमतात. प्रत्येकाच्या हातात एक भोकाचं बोळकं. ते तोंडाला लावायचं, ओरडायचं आणि झाडाखाली ठेवून द्यायचं. त्या दिवशी गावात "गप्प बस" म्हणायची कुणाची टाप नाही. म्हणालाच तर त्यानं पोरांच्या जोडीला माळ्यावर चढायचं.

पहिल्यांदाच आलेलं एखादं चिमुरडं दर वर्षी हळूच विचारतं, "केवढ्यानं वरडू?"

आणि पांढऱ्या मिशांची म्हातारी माणसंही त्याच्याजवळ उकिडवी बसून बोळकं त्याच्या तोंडाला धरतात आणि सांगतात, "मोठ्यानं, बाळा. अजून मोठ्यानं. तिला ऐकू येत न्हाई."