जांभळ्या काचेचा कौल

एका छोट्या संस्थानात त्रिंबकराव नावाचे दिवाण होते. त्यांनी लाल पगडी बांधली की सगळे सरदार लाल पगडी बांधत आणि ते बोलले की सगळे माना डोलावत. एकदा त्यांच्या मनात आलं, तलावाचा घाट गावाला बंद करून तिथे आपली बाग करावी. भर दरबारात सरदारांनी लगेच होकार दिला. एकट्या राणी सगुणाबाई नको म्हणाल्या.

"राणीसाहेब, इतक्या जणांपुढे एकट्या तुमच्या शब्दाला कितीसं वजन?" दिवाण मिशीतल्या मिशीत हसले.

महाराज पेचात पडले. राणीसाहेबांनी एक दगड मागवला. उजेड प्यायला की तो अंधारात चमकायचा. त्यांनी तो आधी दरबाराच्या भल्यामोठ्या लाल तावदानाखाली ठेवला. तिथे डोळे दिपावेत असा उजेड होता. पण पडदे ओढले, तर दगड काळाच. मग तो कोपऱ्यातल्या विड्याच्या पानाएवढ्या जांभळ्या काचेखाली ठेवला. पडदे ओढताच दगड लख्ख उजळला.

"हे कसं?" महाराजांनी विचारलं.

"लाल उजेडाच्या लाटा सावकाश हलतात, जांभळ्याच्या झपाझप. दगडाला जागं करणारा जोर त्या झपाट्यात असतो. लाल उजेड कितीही वाढवला तरी लाटा त्याच संथ." राणीसाहेब पगड्यांच्या रांगेकडे बघत म्हणाल्या, "दिवाणसाहेब, तुमच्याकडे माणसं पुष्कळ आहेत, पण विचार एकच, आणि तोही तुमचाच."

घाट गावालाच राहिला. दुसऱ्या दिवशी दिवाणसाहेब जांभळी पगडी बांधून आले. तिसऱ्या दिवशी सगळे सरदारही.